चौथं पिंप

१

शुक्रवारी सकाळी मी पोह्यांना फोडणी देत होते, तेवढ्यात मागच्या बाजूने माणूस बडवल्याचा आवाज आला. पंचवीस वर्षं डॉक्टरकी केली आहे. कुणी गादी झोडपतंय की माणूस, एवढं मला भिंतीपलीकडूनही कळतं. गॅस बंद केला, गाऊनवर ओढणी घेतली आणि पळत सुटले.

आमचं कंपाउंड सौदीत, रास तनुराच्या अलीकडे, सहा व्हिलांचं. दोन नंबरात मी आणि माझी मुलगी ईशा, पाच नंबरात वसईचे तुस्कानो, दोघे भाऊ आणि थोरल्याची बायको. त्यांच्या मागच्या अंगणात आमचा प्लंबर तुकाराम फरशीवर आडवा पडला होता. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत लाल झाला होता. हारिस, म्हणजे आमचा पहारेकरी नसरुद्दीन, त्याला लोखंडी पाइपने हाणत होता, आणि नीलेश तुस्कानो बरगडीत लाथा घालत होता. एक बरगडी मोडल्याचं मला ऐकू आलं.

मी नसरुद्दीनच्या हातातला पाइप धरला. "बस. मर जाएगा वो."

"मरू दे," नीलेश धापा टाकत म्हणाला. "पास्कलला मारलाय त्याने. माझ्या भावाला."

तुकारामने तोंडातलं रक्त थुंकलं. "बाई, मी काय केलेला नाय. मी आत गेलो नि घसरून पडलो. पारूची शपथ घेऊन सांगतो."

पारू म्हणजे त्याची बायको. लांज्याला असते, दोन मुलींना घेऊन. गेल्या वर्षी ह्या माणसाने मिरगीच्या झटक्यात पडलेल्या एका बांगलादेशी गड्याला खांद्यावर घालून माझ्या क्लिनिकपर्यंत आणलं होतं. आणि त्याला आज पाच नंबरात पाठवलं होतं ते मीच. काल संध्याकाळी किशोरीचा, पास्कलच्या बायकोचा, फोन आला होता, मोरी तुंबली आहे म्हणून. मी तुकारामला म्हटलं, जाऊन ये रे बाबा. काल काम अर्धं राहिलं, हत्यारांची पिशवी तिथेच ठेवून तो निघाला आणि आज दहाला पुन्हा गेला.

ह्या देशात खुनाला शिक्षा काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. मान जाते.

"फहादला फोन केलाय," नीलेश म्हणाला. फहाद आमचा घरमालक आणि तुकारामचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा व्हिसा. "दम्मामला आहे. नमाज झाली की पोलीस घेऊनच येतो."

म्हणजे एक वाजता. माझ्याकडे अडीच तास होते.

२

तुकारामला त्यांनी गेटजवळच्या सामानाच्या खोलीत कोंडलं. मी पाच नंबरच्या मागच्या खोलीत गेले, पास्कल पडला होता तिथे.

आता सांगून टाकते, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. तुस्कानोंच्या मागच्या खोलीत वाइन व्हायची. वसईला भुईगावात ह्यांच्या आजोबांपासून घरची लाल वाइन करायची रीत. काळी द्राक्षं हातांनी चुरायची, मूठभर गहू, साखर, दालचिनी, आणि मागच्या वर्षीच्या पिंपातलं राखून ठेवलेलं विरजण. नाताळला, लग्नाला, बारशाला तीच. पास्कल इथे वेल्डिंग इन्स्पेक्टर होऊन आला, तेव्हा ते विरजणही कुठल्यातरी औषधाच्या बाटलीतून आलं. दोघा भावांनी बारा वर्षं इथे ती वाइन केली आणि खोक्यांनी बाहेर विकलीही. पकडले गेले असते तर तुरुंग आणि मग घरी रवानगी. कंपाउंडात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे गप्प होतो. मी काही धुतल्या तांदळाची नाही. दर नाताळला माझ्याकडे दोन बाटल्या यायच्या आणि मी त्या परत पाठवल्या नाहीत.

खोलीत एसी अठरावर होता. भिंतीशी चार निळी पिंपं. तीन पिंपांच्या तोंडाला पांढरी स्वच्छ फडकी ताठ बांधलेली, चौथं रिकामं, उपडं घातलेलं. तिसऱ्या पिंपाच्या पायाशी पास्कल पालथा पडला होता. शेजारी बादली कलंडली होती, द्राक्षांची सालं आणि लाल रस फरशीभर पसरला होता, आणि त्यात त्याचं रक्त मिसळलेलं. कुठला लाल कुणाचा ते डोळ्यांनी सांगता येत नव्हतं.

कवटी मागून फोडली होती. एका घावात नव्हे. मी पाच मोजले, आणि त्यांतले शेवटचे तीन तो खाली पडल्यावर घातलेले होते. उजवा कान जागेवर नव्हता. जवळच अठरा इंची पाइप पाना पडला होता, दात्यांत केस अडकलेला. पान्याच्या दांड्यावर तुकारामने रंगाने 'तु' लिहिलं होतं.

मी पास्कलचा जबडा हलवून पाहिला. घट्ट. मान घट्ट, दोन्ही कोपरं घट्ट. थंडीत प्रेत उशिरा ताठतं. अशा गार खोलीत एवढं ताठायला चार तास तरी हवेत, जास्तच, कमी नाही. म्हणजे पास्कल सकाळी साडेसहाच्या आत गेला होता.

मला वाटलं, सुटला तुकाराम. तो दहाला आला.

मी बाहेर येऊन तसं बोलले. नीलेशने मान हलवली. "सगळ्या घरांच्या डुप्लिकेट चाव्या त्याच्याच खोलीत टांगलेल्या असतात, डॉक्टर. पहाटे येऊन मारलं असेल. पाना विसरला म्हणून दहाला परत आला."

चाव्यांचं खरं होतं. मी किशोरीकडे गेले.

३

किशोरी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती, अजून हॉस्पिटलच्या पांढऱ्या कपड्यात. ती नर्स आहे. तिला तिसरा महिना चालू आहे, हे पास्कलनंतर फक्त मला माहीत आहे असं मी समजत होते, कारण तपासलं मीच. मी तिचा हात हातात घेतला, तो बर्फासारखा होता.

"कधी आलीस?"

"नाइट होती. सातला सुटले, साडेसातला बसने सोडलं. मला वाटलं तो मागे काम करतोय. मी झोपले." मग ती म्हणाली, "मी त्याला हाकसुद्धा मारली नाही, डॉक्टर. तो तिथे पडला होता आणि मी झोपले."

ती रडली आणि मीही रडले. त्यात लपवण्यासारखं काय आहे. पण डोकं चालू होतं. सातपर्यंत ती वॉर्डात होती, दहा जणांच्या डोळ्यांसमोर. तिने मारलं नव्हतं.

कंपाउंडचा ड्रायव्हर खुर्शीद पायरीवर बसून तसबीहचे मणी ओढत होता. लखनौचा माणूस, पाच वेळचा नमाजी. वाइनच्या खोलीत पाय ठेवणार नाही, पिंपाला बोट लावणार नाही, पण बंद खोके नेऊन पोचवायला ना नाही. माणूस आपापली सोय बघतो.

"काल पास्कलशी भांडलास, नसरुद्दीन सांगत होता."

"भांडलो नाही, मॅडम. चिडलो." तो हिंदीतच बोलत होता. "पास्कल भाईने काल दुपारी सांगितलं, खलास, उद्यापासून एक खोका जाणार नाही. मी म्हटलं, लोकांना शब्द दिलाय, नाताळ महिन्यावर आलाय. तर म्हणाले, आता माझ्या घरात मूल येणार आहे, मला तुरुंगात बसायचं नाही."

"हे नीलेशला माहीत होतं?"

"काल त्याची सेकंड शिफ्ट होती. तो दोनला गेला, मध्यरात्रीनंतर आला. मला काय माहीत."

मी नीलेशकडे गेले. तो अंगणातल्या नळावर हात धूत होता. आज सकाळी काय केलं विचारलं, तर सगळं तोंडपाठ.

"साडेपाचला निघालो. कतीफला मासळीबाजारात. पावणेदहाला आलो. फ्रिजमध्ये सुरमई आहे, बघा."

"मागच्या खोलीत गेला होतास?"

"आज? नाही. ह्याचा आरडाओरडा ऐकून दारापर्यंत गेलो, आत नाही. मला रक्त बघवत नाही, चक्कर येते." तुकारामच्या बरगड्यांत लाथा घालताना मात्र त्याला चक्कर आली नव्हती.

"दारामागे ॲप्रन टांगलाय, तो कुणाचा?"

"माझा. बुधवारी द्राक्षं चुरली तेव्हा घातला होता. मग धुवायचा राहिला." तो माझ्याजवळ सरकला. "डॉक्टर, एक काम करायला हवं. फहाद यायच्या आत ती पिंपं ओतून टाकू. नाहीतर वहिनी तुरुंगात जाईल. व्हिलाचा भाडेकरार तिच्या नावावर आहे."

खरंच होतं ते. किशोरीचा विचार करून मी हो म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं.

४

मला थांबवलं ते मोरीने.

काल तुकाराम परतताना माझ्याकडे चहाला थांबला होता. म्हणाला होता, "बाई, त्यांच्या मोरीतना जांभळाची सालं निघतायत नुसती. घमेलंभर काढली. जाम बीम करतात काय?" मी हसून विषय बदलला होता. आता त्या सालांचा मला अर्थ लागला. बुधवारी चुरलेली द्राक्षं गुरुवारी मोरीत कोण घालतं? वाइन गाळायला अजून चार दिवस होते. म्हणजे चौथं पिंप पास्कलने ओतून दिलं होतं, मुद्दाम. आणि आज पहाटे तो बादली घेऊन बाकीची ओतायला बसला होता.

मी खोलीत परत गेले आणि तिसऱ्या पिंपाची दोरी सोडली.

वाइन आंबायला लागली की द्राक्षांची सालं वर चढतात आणि त्यांचा जाड थर होतो. चार-पाच तासांत तो वीतभर फुगून वरून सुकतो. सुकला की त्यावर चिलटं बसतात आणि सगळं आंबट होऊन जातं. म्हणून दिवसातून तीनदा दांड्याने तो थर खाली दाबायचा आणि लगेच फडकं बांधायचं. हे मला पास्कलनेच एकदा कौतुकाने सांगितलं होतं. त्यांच्या वडिलांनी ह्या एका चुकीसाठी मुलांना पट्ट्याने मारलं होतं.

फडकं उचललं. फडकं स्वच्छ होतं, घडीची रेघसुद्धा मोडली नव्हती. पण त्याखाली पिंपाच्या आतल्या काठावर वाळलेल्या रक्ताचे शिंतोडे होते, बोटभर अंतरावर, ओळीने. एक केस चिकटला होता.

म्हणजे पास्कलच्या डोक्यात घाव बसले तेव्हा पिंप उघडं होतं. रक्त आत उडालं. आणि त्यानंतर कुणीतरी कपाटातून नवं फडकं काढून ते बांधलं.

मी आत पाहिलं. थर वर चढला होता, पण रक्ताचा एक ठिपका त्याच्यावर नव्हता. काठावर एवढं रक्त असताना थरावर नाही, कारण तो थर दाबला गेला होता. पहिल्या आणि दुसऱ्या पिंपाचा थरही पुरता सुकलेला नव्हता, म्हणजे पहाटेच दाबलेला. दांडा कोपऱ्यात धुऊन उभा केला होता.

भावाचं प्रेत पायाशी होतं आणि त्या माणसाने तीन पिंपांचे थर दाबले, दांडा धुतला आणि फडकी बांधली. मी हात धुवायला मोरीवर वाकले, आणि मागे दार लागल्याचा आवाज आला.

५

"ओतायला मदत करताय ना?" नीलेश दारात उभा होता.

"करते," मी म्हटलं. "आधी सगळ्यांना बोलाव. आणि किशोरीला म्हणावं, खाण्याचा सोडा आण, वाटीभर. पाण्यात कालवून."

मी काय करतेय ते न कळल्याने तो बाजूला झाला. तुकारामला नसरुद्दीन धरून घेऊन आला. माझ्या पोरीने, ईशाने, बाहेर येऊन विचारलं, "मम्मा, व्हॉट्स हॅपनिंग?" तिला मी घरात हाकललं.

जांभळाचे डाग धुतलेल्या कुठल्याही आईला ठाऊक असतं, साबण लागला की डाग निळा पडतो. द्राक्षाचंही तसंच. मी सोड्याचं पाणी तुकारामच्या शर्टावर ओतलं. छातीवरचा लाल रंग बघता बघता निळसर हिरवा झाला. पोटावरचा झाला, गुडघ्यावरचा झाला. लाल राहिले ते फक्त ओठातून गळलेले चार थेंब.

"हा बादलीतल्या रसात पडलाय," मी म्हटलं. "पाच घाव घालणाऱ्याच्या अंगावर रक्त उडतं. ह्याच्यावर एक शिंतोडा नाही."

"त्याने कपडे बदलले असतील," नीलेश म्हणाला.

"असतील." मी खुंटीवरचा ॲप्रन काढला, फरशीवर पसरला आणि उरलेलं पाणी त्यावर ओतलं. खालच्या बाजूचे डाग निळे झाले. छातीवरचे आणि उजव्या खांद्यावरचे झाले नाहीत. ते तसेच तपकिरी लाल राहिले, शिंतोड्यांच्या रेघा.

नसरुद्दीनने तुकारामच्या दंडावरची पकड सैल केली.

"तो तिथे टांगलेला होता," नीलेश म्हणाला. "ह्या प्लंबरनेच घातला असेल मारताना."

"घातला असेल. मग मला एवढंच सांग, पास्कलला मारून झाल्यावर तिन्ही पिंपांतला थर तुकारामने दाबला? ज्याला हे जाम वाटत होतं, त्याने? की पिंपाला बोट न लावणाऱ्या खुर्शीदने? फडक्याखाली काठावर पास्कलचं रक्त आहे, नीलेश. भावाला मारलंस आणि पुढे वाइन सुकू नये म्हणून काम पुरं करून मासे आणायला गेलास. बापाने पट्ट्याने शिकवलेलं तुला तेवढ्यातही विसरता आलं नाही."

किशोरीने त्याच्याकडे पाहिलं. "नीलेश?"

तो पिंपाकडे झेपावला. ओतून टाकायला. खुर्शीद मध्ये आला, आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत. नीलेशने खालचा पाना उचलला आणि फिरवला. खुर्शीदचा हात कोपराखाली मोडला, हाड कातडीबाहेर आलं. दुसरा फटका माझ्यासाठी होता. मी खाली बसले, तो भिंतीवर बसला आणि टाइल फुटून माझ्या गालात घुसली. तुकाराम मोडक्या बरगड्यांनिशी त्याच्या पायांवर कोसळला, आणि मग नसरुद्दीनचा पाइप सुरू झाला. खांद्यावर, हातावर, गुडघ्यावर. पाना सुटला तरी तो मारतच राहिला. मी गालातलं रक्त पुसत ओरडले तेव्हा थांबला.

नीलेश पास्कलच्या शेजारीच पडला होता. एक डोळा बंद झालेला.

"चौथ्या पिंपात विरजण होतं," तो म्हणाला. "बाबांचं. आजोबांचं. मी उठून बघतो तर पिंप उपडं. त्याने मोरीत घातलं सगळं. मला विचारलंसुद्धा नाही." तो रडायला लागला. "मी म्हटलं, बाकीचं तरी ठेव. तर म्हणाला, वास येतो घराला. वास येतो म्हणाला, वहिनी."

"तो माझ्यासाठी ओतत होता," किशोरी म्हणाली. "माझ्या बाळासाठी."

हे नीलेशला माहीत नव्हतं.

६

साडेबारा वाजले होते. मशिदीतली नमाज केव्हाच संपली होती. मी खुर्शीदचा हात फळीला बांधला. वेदनेने त्याचे ओठ पांढरे पडले होते, तरी तो म्हणाला, "मॅडम, अजून वेळ आहे. पोलिसांना नुसता ॲप्रन द्या. पिंपं ओतून टाकू, किशोरीदीदी वाचेल."

मी हिशेब मांडून पाहिला. पोलिसांसमोर नीलेश आत्ता बोललेलं सगळं नाकारणार. ॲप्रन तर खुंटीवरचा, कुणीही घातलेला. तुकाराम वाइन जाणत नाही हे सांगायला वाइनच समोर हवी, काठावरचं रक्त हवं, दाबलेला थर हवा. पिंपं गेली की उरतो 'तु' लिहिलेला पाना आणि तुकारामच्या खोलीतल्या चाव्या. पिंपं ठेवली तर व्हिला किशोरीच्या नावावर, वाइन किशोरीच्या घरात, पोटात तीन महिन्यांचं पोर, आणि कोठडी.

खरं सांगते, मला ओतावंसं वाटत होतं. मीच तुकारामला इथे पाठवला आणि मीच त्याला मरू द्यायला निघाले होते, कारण किशोरी मला लेकीसारखी आहे आणि तो एक प्लंबर. असा विचार माझ्या मनात आला. मला त्याची लाज वाटते.

तुकाराम भिंतीला टेकून बसला होता. आमचं बोलणं त्याला कळत होतं. तो काही मागत नव्हता. फक्त म्हणाला, "बाई, पारूला तुम्हीच फोन करा. दुसऱ्या कुणी करू नये."

किशोरी उठली. तिसऱ्या पिंपापाशी गेली. मला वाटलं, ती आता ते आडवं करणार, आणि मी तिला अडवणार नव्हते. तिने फडकं होतं तसं नीट बांधलं, दोरी आवळली आणि पिंपाला पाठ लावून उभी राहिली.

"कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"किशोरी, नीट विचार कर गं."

"केला. पास्कल मेलाय. दुसरा माणूस मारून तो परत येणार आहे का?"

एक वाजून दहा मिनिटांनी फहाद आला, बरोबर दोन पोलीस. वासाने फहाद दारातच थांबला. त्याने प्रेताकडे पाहिलं, मग पिंपांकडे, आणि ओढणीने नाक झाकलेल्या माझ्याकडे. पोलिसातल्या मोठ्याने अरबीत विचारलं, ह्यात काय आहे.

वॉर्डात रुग्णांशी बोलते तसं स्पष्ट, सावकाश अरबी बोलत किशोरीने सांगितलं, "वाइन. आमच्या घरची. घर माझ्या नावावर आहे. ह्या पिंपात माझ्या नवऱ्याचं रक्त आहे, आणि ते त्याच्या भावाने सांडलं. ह्या प्लंबरने काही केलेलं नाही. आधी एवढं लिहून घ्या, मग मला न्या."

त्याने लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, इथे काय बनत होतं हे डॉक्टरांना माहीत होतं का.

फहाद माझ्याकडे बघत होता. नाही म्हणायला त्याने मान हलवून मला वाटसुद्धा दाखवली. पलीकडे दोन नंबरच्या खिडकीत ईशा उभी होती.

"हो," मी म्हटलं, आणि किशोरीच्या शेजारी जाऊन उभी राहिले.